पोटाची तक्रार नाही

तीर्थस्वरूप मामांना,

दुरूनच वाकून नमस्कार. (जवळ येऊन करण्याची सोय आपल्या दोन घरांत सध्या नाही, आणि ती का नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या पोटाची चौकशी मी मुद्दाम वेगळी करतो, कारण आमच्या घरात पोट हे तब्येतीत धरत नाहीत, त्याचा मान निराळा असतो. इकडे आई बरी आहे, शिवणकाम चालू आहे, डोळ्यांना चष्मा लागलाय आणि तो ती कुणी आलं की काढून ठेवते. मी बरा आहे असं म्हणवत नाही, पण माझं दुखणं पोटाच्या वर डाव्या अंगाला आहे आणि त्यासाठी अजून कुठल्या सरकारने पेन्शन ठेवलेली नाही. बाबा ठीक आहेत.

हे शेवटचं वाक्य बाबांचं आहे, माझं नाही. हे पत्र सगळं त्या एका वाक्याबद्दलच आहे. तेव्हा तुम्ही जरा टेकून बसा.

मी कोण ते तुम्ही ओळखलं असेलच. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी आईबरोबर तुमच्याकडे आलो होतो आणि तुमच्या जुन्या फौजी बुटांत पाय घालून घरभर आपटत फिरत होतो. आता तुमच्याएवढा उंच झालोय, मिशी मात्र अजून मनावर घेत नाही. कॉलेज सोडलं हे आईने तुम्हाला चोरून फोनवर सांगितलं असणार, पण का सोडलं ते तिने तिच्या पद्धतीने सांगितलं असणार. खरं असं की तोंडी परीक्षेला माझी जर्नल अपुरी बघून सर म्हणाले, वडिलांना घेऊन ये. मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. सर बाकीच्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, एवढे कोण लागून गेलेत तुझे वडील? मी माझी जर्नल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघून आलो. (जरा जोरात ठेवली. टेबलावर चहा होता. चहा तिथे मी ठेवला नव्हता.) बाबा का येऊ शकत नाहीत हे त्या वर्गात सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा मला कॉलेज सोडणं सोपं वाटलं. माझं डोकं लवकर तापतं हे मला मान्य आहे, पण प्रत्येक वेळी खाली जाळ कुणी केला तेही कुणीतरी विचारावं.

बाबा का येऊ शकत नाहीत? तर आमच्या घरापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यात दिवसा उघडं असणारं एकही शौचालय नाही. तुम्ही हसणार नाही हे मला माहीत आहे. हे वाचून न हसणारा माणूस मला सगळ्या नात्यागोत्यात एकच आठवला, म्हणून तर लिहायला बसलो. बाबांना गावातला कुठलाही पत्ता विचारा, ते दुकानं आणि चौक सांगत नाहीत. पेट्रोल पंपाच्या मागे, कडी आतून लागत नाही पण मालक भला माणूस आहे. वाचनालय, पण दुपारी बंद. न्हाव्याच्या दुकानाशेजारचा जिना, वर वकिलाकडे, वकील बाहेरगावी नसला तर. हा नकाशा त्यांच्या डोक्यात पक्का आहे, आणि त्याच्या बाहेर ते पाऊल टाकत नाहीत. नात्यातल्या लग्नांना ते जात नाहीत, म्हणून नातेवाइकांत त्यांना घमेंडखोर म्हणतात. आई लग्नाहून आली की कोण काय म्हणालं ते सांगते, बाबा ऐकतात आणि म्हणतात, म्हणू देत. घमेंडखोर म्हटलेलं त्यांना चालतं. दुसरं काही कळलेलं चालत नाही.

घरात आम्ही तिघंही या पोटाच्या तालावर चालतो. न्हाणीघरात गाणं म्हणायचं नाही, उगाच वेळ लावायचा नाही. बाबांची खुर्ची संडासाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, तिच्या वाटेत चप्पलसुद्धा ठेवायची नाही. कमरेला अजून तोच फौजेतला पट्टा आहे. दाभणाने नवी भोकं पाडून पाडून आता त्याचं टोक पाठीमागे पोचलंय आणि आई ते दोऱ्याने टाके घालून बसवते. डॉक्टर म्हणतात, आतड्याला जुनी सूज आहे, व्रण पडतात, भरतात, पुन्हा पडतात. रक्त जातं. बाबा म्हणतात, थोडं पोट बिघडलंय. माझ्या जन्माच्या आधीपासून त्यांचं थोडं पोट बिघडलंय.

याची सुरुवात कुठे झाली ते तुमच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? वरच्या चौकीवर, त्या हिवाळ्यात. पाण्याच्या टाकीत काय मेलं होतं ते बर्फ वितळल्यावर कळलं, हे मला आईने सांगितलं, आणि आईला तुम्ही सांगितलंत. त्या चौकीवरचे सगळेच आजारी पडले. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत की माझ्याच्याने उभं राहवत नाही, आणि तुम्हाला खाली पाठवलं. बाबांना विचारलं, ते म्हणाले ठीक आहे, आणि ते वरच राहिले. तुमची पहाऱ्याची पाळीसुद्धा त्यांनीच केली. त्या दिवसापासून या घरात तुमचा उल्लेख ‘तो उतरला’ एवढाच होतो. (मामा, मी हे तुमचा अपमान करायला लिहीत नाही. मी लहान असताना मला वाटायचं तुम्ही विमानातून वगैरे उतरलात आणि मला तुमचा फार अभिमान होता.) तुम्हाला त्या दुखण्याची पेन्शन मिळाली, मोठ्या दवाखान्यात फुकट उपचार मिळाले. बाबांना काही मिळालं नाही, कारण त्यांनी काही मागितलं नव्हतं.

आता मागितलं ते नोकरी गेली म्हणून. कापडाच्या गोदामावर ते पहारेकरी होते. फाटकावरून हलायचं नाही एवढंच काम. एका दुपारी त्यांना हलावं लागलं, आणि नेमक्या तेवढ्यात मालकाची गाडी आली. मालक भला होता, त्याने चालवून घेतलं असतं. बाबांनीच दुसऱ्या दिवशी शिट्टी आणि काठी परत नेऊन दिली. पहारा सोडला, असं म्हणाले. सैन्यात याला काय शिक्षा असते ते त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं, म्हणजे आम्ही जेवत होतो, ते बघत होते. मग आईने अर्ज भरला, पुढे ठेवला, आणि पहिल्यांदाच तिने आवाज चढवून सांगितलं की सही करा. डॉक्टर म्हणत होते की नवी औषधं मोठ्या दवाखान्यातच मिळतील, नाहीतर आतड्याचा तुकडा काढावा लागेल, आणि तोही लवकर. ही औषधं आम्हाला विकत घेता येण्यातली नाहीत. अपंगत्वाची पेन्शन मंजूर झाली तरच मिळतील.

पहिल्या बोर्डाला ते एकटे गेले. बोर्ड म्हणजे तपासायला बसणारे तीन डॉक्टर, तिघंही हुद्द्यावरचे. कडक इस्त्री, पदकं, पॉलिश केलेले बूट, असे गेले. मधल्या डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय. आता मामा, तुम्हीच सांगा, हुद्द्यावरच्या माणसाने समोर उभं करून कसा आहेस विचारलं, तर त्या पिढीचा सैनिक काय सांगणार? ठीक आहे सर. जेवण? ठीक सर. झोप? ठीक सर. डॉक्टरांनी लिहिलं, पोटाची तक्रार नाही. बाबा घरी येऊन म्हणाले, तपासणी उत्तम झाली. मग नामंजुरीचं पाकीट आलं तेव्हा त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

अपील केलं तेव्हा ताज्या तपासण्या मागितल्या, आणि इथून माझ्या दुखण्याची सुरुवात होते. नमुना घेऊन तपासणी केंद्रात जायचं काम माझ्याकडे आलं. कसला नमुना ते तुम्हाला सांगायला नको. मी तो वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत घालून गेलो आणि खिडकीपाशी उभा राहिलो, तर खिडकीत ती. मामा, काही चेहरे असे असतात की समोर आल्यावर माणसाच्या हातात फूल असावं, निदान पुस्तक तरी असावं. माझ्या हातात जे होतं ते होतं. तिने माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, ‘झाकण घट्ट लावलंय ना?’ मी मान हलवली. दुसरं वाक्य, ‘किती दिवसांपासून होतंय?’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिला तो माझा वाटतोय. मागे रांग होती. मी म्हटलं, माझा नाही. ती अगदी समजूतदारपणे म्हणाली की सगळे असंच म्हणतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिच्या मऊ आवाजाने मी इतका विरघळलो की मान डोलावून पावती घेतली. त्यानंतर दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा तिने मला पाणी उकळून पीत जा असं सांगितलं. मी पितो आहे. कुठल्याही मुलीने इतक्या काळजीने मला आजवर काही सांगितलेलं नाही, आणि ती काळजी बाबांच्या आतड्याची आहे हे कळत असूनही मी ती स्वतःवर घेतो. (हे आईला सांगू नका.)

दुसऱ्या बोर्डाला मी सोबत गेलो. आईचा आग्रह होता, आणि ‘तोंड मिटून बसायचं’ ही तिचीच अट. लांबट खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे एक खुर्ची. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. टाचा जुळवून उभे राहिले. चष्मेवाल्या डॉक्टरांनी, माणूस वाईट नव्हता, त्यांना झोपवलं, पोट दाबून पाहिलं, नळी लावून ऐकलं, आणि जरा नवलाने म्हणाले, पोट तर शांत आहे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शांत असणारच. दोन दिवस त्या पोटात काही गेलंच नव्हतं. बाहेर जायचं असलं की बाबा आधीपासून उपाशी राहतात, लांब जायचं असलं तर आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा बेतानं. इतक्या वर्षांची सवय, घरात आम्हाला ती दिसतसुद्धा नाही. आजार दाखवायला निघालेला माणूस आजार घरी ठेवून, स्वच्छ होऊन, इस्त्री करून आला होता. बोर्ड काय बघणार, कपाळ?

मी उठलो. म्हणालो, साहेब, हे उपाशी आहेत, तुम्ही रिकामं पोट तपासताय. डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, खरं आहे का. बाबा म्हणाले, ‘ठीक आहे सर. मुलगा लहान आहे.’ मामा, मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला आडवा झाला आणि हिरव्या कापडावरून पाणी थेट कागदांत. पुढे मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण पट्टेवाल्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं तेव्हा मी त्यालाही काहीतरी बोलत होतो. दार मिटताना मला शेवटचं दिसलं ते म्हणजे बाबा स्वतःच्या रुमालाने त्यांचं टेबल पुसत होते.

इथपर्यंतचं मी मित्रांना हसत सांगितलंय. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा बाहेर आले, रागावले नाहीत. तपासणी संपली या सुटकेने असेल, मला शांत करायला असेल, पण आवाराच्या कोपऱ्यातल्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले, आणि माझ्यासोबत एक बिस्किट खाल्लं. बाहेर, दिवसाढवळ्या, बाबांनी काही खाल्लेलं मी माझ्या आठवणीत पाहिलेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी आणखी एक पुढे केलं. तेही खाल्लं. मग त्यांचा चेहरा बदलला. ते चहाचा कप ठेवून आत निघाले, धावत नव्हते, झपाझप चालत होते. बोर्डाच्या खोलीवरून पुढे, बोळाच्या टोकाला शौचालय होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली पट्टेवाल्याकडे. मी पळत गेलो. पट्टेवाला मघाचाच. त्याने आधी मला ओळखलं, मग कर्मचाऱ्यांसाठी आहे म्हणाला, मग कुणासाठी हवी विचारलं. मी पहिल्यांदाच आयुष्यात हात जोडले. त्याने दिली, तेव्हा उशीर झाला होता.

बाबा त्या कुलूपबंद दारासमोर उभे होते. टाचा जुळलेल्या, नजर समोर. बुटावरून खाली फरशीवर यायला लागलं होतं. मामा, बोर्डाची खोली तिथून अगदी जवळ होती. आतून त्या तिघांचं हसणं ऐकू येत होतं. ज्यांना पुरावा हवा होता त्यांच्या दारात पुरावा उभा होता. मी वळलो, त्यांना बोलवून आणणारच होतो, हात धरून ओढून आणणार होतो. बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, ‘आत जायचं नाही.’ मग, हळू आवाजात, ‘तुझं जाकीट दे.’

मी दिलं. ते त्यांनी कमरेला बांधलं. फरशी आम्ही दोघांनी पुसली. नको म्हटलं तरी त्यांनी वाकून पुसली, कोपऱ्यापर्यंत. जाताना किल्ली पट्टेवाल्याला परत देऊन त्याचे आभार मानले. तो उठून उभा राहिला. बसमधून जायचं नाही म्हणून आम्ही चालत आलो. सगळ्या वाटेत बाबा एकदाच बोलले. म्हणाले, बिस्किट चांगलं होतं.

तर इकडची हकीकत ही अशी. तुम्हाला काही मागावं म्हणून हे पत्र नाही, नुसती खुशाली कळावी म्हणून. मामींना नमस्कार. तुमच्याकडे लहान मुलं असतील तर त्यांना आशीर्वाद, मोठी झाली असतील तर माझ्यासारखं वागू नका म्हणून सांगा.

तुमचा भाचा
(बुटांत पाय घालणारा)

ता. क. वर लिहिलेलं शेवटचं खोटं आहे, मला मागायचं आहे. अपिलाची शेवटची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं की दुखणं चौकीवरचं आहे याची कुठेच नोंद नाही, कारण बाबांनी आजारी असल्याचं कधी कळवलंच नाही. तेव्हा त्यांना तिथे आजारी पाहिलेला माणूस समोर येऊन बोलला तरच काही होईल. त्या चौकीवरचे आता किती उरलेत आणि कुठे आहेत ते मला माहीत नाही. मला तुम्ही माहीत आहात. बाबांना यातलं काही ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ते सुनावणीलाच जाणार नाहीत, म्हणून तुम्ही सहज आल्यासारखे या. इतक्या वर्षांनी सहज कसं यायचं ते तुम्ही बघा, तुम्ही मोठे आहात.

ता. क. दुसरं. बाबांच्या तपासण्या आता झाल्यात, त्यामुळे त्या खिडकीपाशी जायला मला काही कारण उरलेलं नाही. तुमचंही पोट त्याच पाण्याचं. इथे आल्यावर तुम्हाला एखादी तपासणी करून घ्यावीशी वाटली तर संकोच करू नका. नमुना मी पोचवीन, कितीही वेळा. फक्त एकदा तुम्ही स्वतः खिडकीपाशी येऊन तिला सांगा की हा तुमचा आहे, आणि याआधीचेही माझे नव्हते.

ता. क. तिसरं. घात झाला. पाकीट आणायला गेलो होतो, परत येतो तो पत्र बाबांच्या हातात. सगळं वाचलं, उभ्यानेच. आई दारात उभी. मला वाटलं फाडतील. त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. खालचं त्यांचं अक्षर आहे.

मजकूर वाचला. बहुतांशी बरोबर आहे. पेला आधीपासून टेबलाच्या कडेला होता, त्यात मुलाचा दोष नाही. तुझी पाळी मी केली ती रागाने केली, तेव्हा तुला खाली पाठवणे योग्यच होते, हे आता लिहितो.

मी ठीक नाही.

सुनावणीला या वेळी जेवून जाणार आहे. सोबत माणूस लागेल. मुलगा भांडतो. तू ये. पोचलास की पहिल्यांदा पट्टेवाल्याकडून किल्ली घेऊन ठेव.